पळसाचे फूल कागदभर

फाल्गुनात आरमोरीच्या आसपासची झाडी पळसाने पेटलेली दिसते. वैनगंगेकाठच्या मुलांना फूल विकत आणावे लागत नाही. तरीही ‘फूल काढा’ म्हटले, की कागदाच्या कोपऱ्यात पाच सारख्या पाकळ्यांचे इवलेसे फूल उमटते. ते पाहून काढलेले नसते; पाठ झालेले असते.

अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ यांनी १९२४ पासून फुले भव्य आकारात रंगविली. घाईतल्या माणसानेही थांबून पाहावे म्हणून. १९३२ मध्ये रंगविलेले त्यांचे धोतऱ्याचे पांढरे फूल सुमारे चार फूट उंच आहे.

आपणही हा प्रयोग करून पाहावा. झाडाखाली गळलेले पळसफूल पाल्याच्या हाती द्यावे. धोतरा विषारी, तो मात्र देऊ नये. वरची रुंद पाकळी, बाजूच्या दोन आणि पोपटाच्या चोचीसारखा बाक त्याला शोधू द्यावा. ‘किंशुक’ हे संस्कृत नाव त्या चोचीवरूनच पडले. मग जुन्या दिनदर्शिकेची कोरी बाजू जमिनीवर पसरावी. नियम एकच : पाकळ्या चारही कडांना भिडल्या पाहिजेत. आधी खडूने रेषा, मग रुंद कुंचल्याने रंग. रेषा मोठी झाली, की केवळ बोटे नव्हे, खांद्यापासून सारा हात फिरतो.

खोडरबर दूर ठेवावे. चुकलेली रेषा पुढच्या पाकळीत सामावते, हे मुलाला स्वतःच उमगू द्यावे. ‘छान’ म्हणण्याआधी ‘काय दिसले?’ असे विचारावे. चुकण्याच्या भीतीने कोपऱ्यात आकसणाऱ्या मुलाला सारा कागद आपला वाटणे, हेच या चित्राचे खरे फळ होय.