स्टॅनॅग ४२८५
स्टॅनॅग ४२८५ हे लघुलहरी रेडिओवरून अंकीय संदेश पाठवण्यासाठी नाटोने ठरवलेले लष्करी मानक आहे. यात १,८०० हर्ट्झच्या वाहक लहरीची कला बदलून सेकंदाला २,४०० चिन्हे पाठवली जातात. २५६ चिन्हांच्या प्रत्येक चौकटीतील पहिली ८० चिन्हे पूर्वनिश्चित असतात. त्यांच्या आधारे ग्राहकयंत्र वेळेचा मेळ साधते.

रेडिओ संगणकाला जोडून ‘सिगमिरा’सारख्या आज्ञावलीने हौशी श्रोतेही हे संकेत उकलू शकतात. सुमारे १०६.७ मिलिसेकंदांनी होणाऱ्या चौकटीच्या पुनरावृत्तीवरून मानक ओळखता येते. प्रेषणाचा वेग मात्र संकेतात नोंदलेला नसल्याने अजमावून पाहावा लागतो. मूळ मजकूर आधीच कूटबद्ध केलेला असल्यास अचूक उकल होऊनही किल्लीशिवाय केवळ अर्थहीन अंकमाला हाती येते.