तपासणी कशासाठी?

‘एकदाच सगळ्या तपासण्या करून टाकू, म्हणजे मनाला रुखरुख नको,’ हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. सवलतीच्या दरात साठ-सत्तर तपासण्या करून देणाऱ्यांच्या जाहिराती झळकत असतात. तपासणीत तोटा कसला, झाला तर फायदाच, अशी यामागची समजूत. ती कितपत खरी, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. आधुनिक तपासण्यांनी असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न आहे तो तपासणी केव्हा करावी आणि केव्हा करू नये, या विवेकाचा.

प्रथम थोडे गणित करू. समजा, एक तपासणी अशी आहे, की १० रोग्यांपैकी ९ जणांचा रोग ती पकडते, आणि १० निरोग्यांपैकी ९ जणांना निरोगी म्हणते. तपासणी चांगलीच म्हणावयाची. आता काही तक्रार नसलेल्या १,००० लोकांची ती केली, आणि त्यांच्यात खरोखर रोग असलेले १० जण आहेत, असे धरू. त्या दहांपैकी ९ जण सापडतील. परंतु ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांवरही रोगाचा शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या १०८ लोकांत खरे रोगी अवघे ९, म्हणजे बारांत एक! हीच तपासणी लक्षणे पाहून निवडलेल्या अशा १,००० लोकांवर केली, की ज्यांतील निम्मे रोगी आहेत, तर शिक्का बसलेल्या ५०० जणांत ४५० खरे रोगी निघतील. यंत्र तेच, रसायन तेच. उत्तराचा अर्थ मात्र पार पालटला. तो पालटला कशाने? तपासणीपूर्वी डॉक्टरांनी रोग्याची हकीकत ऐकून, पोटाला-छातीला हात लावून, मनाशी जो अंदाज बांधला, त्याने.

तपासण्यांची संख्या वाढविली, की दुसरी एक गंमत होते. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. ती बहुधा अशी ठरवितात, की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांचे आकडे तीत बसावेत. उरलेले ५ जण निरोगी असूनही मर्यादेबाहेर. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता शेकडा ६४ असते. ठळक अक्षरांतला तो आकडा पाहून घराची झोप उडते. मग त्याच्यासाठी दुसरी तपासणी, तिच्यासाठी तिसरी, अशी माळ लागते.

कंबरदुखीचेच पाहा. एम.आर.आय. काढला आणि ‘मणक्यातली गादी सरकली’ असे कळले, की माणूस हबकतो. परंतु कंबर कधीच न दुखणाऱ्यांचे असे फोटो काढलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेतला गेला. त्यात गादी फुगलेली आढळली ती विशीतल्या शेकडा ३० लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या शेकडा ८४ लोकांत. पिकलेल्या केसांसारखेच हे वयाचे चिन्ह. पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तर फोटो तातडीने काढावा. एरवी बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप सुधारते.

नुसत्या रूढीने उपचार कसे होतात, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्क शहरातील ११ वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखविली. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. राहिलेली २१५ दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी ९९ निवडली. उरलेल्या ११६ मुलांना पुन्हा नव्या डॉक्टरांनी पाहिले आणि ५१ जणांना शस्त्रक्रिया सुचविली. दर खेपेला शेकडा सुमारे ४५! गळा बदलला तरी प्रमाण बदलले नाही. मुलाच्या घशापेक्षा प्रचलित वहिवाटच अधिक बोलत होती.

दक्षिण कोरियात १९९९ साली कर्करोग शोधण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्या जोडीने थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जे बारीक कर्करोग माणसाला जन्मभर त्रास न देता राहिले असते, तेच मुख्यतः सापडत होते. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला कायमच्या गोळ्या आल्या आणि काहींचा आवाज गेला. २०१४ साली तेथल्याच डॉक्टरांनी जाहीर इशारा दिल्यावर या शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

मग निर्णय करावा कसा? पॉकर आणि कासिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९८० साली याची सुबोध मांडणी केली. त्यांच्या मते रोगाच्या शक्यतेला दोन उंबरठे असतात. शक्यता पहिल्या उंबरठ्याच्या आत असेल तर तपासणीही नको, औषधही नको. मुरगळलेल्या पायावर चार पावले टाकता येतात आणि घोट्याची ठराविक हाडे दाबून दुखत नाहीत, तर क्ष-किरण फोटोचे कारण नाही. शक्यता दुसऱ्या उंबरठ्यापलीकडे असेल तर सरळ उपचार करावा. नागीण उठलेली डोळ्यांना दिसत असताना रक्त कशाला काढावयाचे? तपासणीचे खरे स्थान या दोहोंच्या मध्ये. दोन आठवडे खोकला हटत नसेल, तर थुंकी तपासलीच पाहिजे. कारण तिच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून आहे.

हा विवेक एकट्या डॉक्टरांनी पाळून भागणार नाही. अर्धा तास हकीकत ऐकून ‘काही करावयाचे नाही, आठ दिवस वाट पाहू,’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांची फी आपल्याला जड वाटते, आणि यंत्राच्या बोगद्यातून बाहेर आलो की पैसे वसूल झाले असे वाटते. काही व्यावसायिकांना तपासणीमागे मिळणारा ‘कट’ हे दुखणे तर आहेच; खटल्याची भीतीही आहे. परंतु आपली ही आवडही त्यांना खतपाणी घालते.

म्हणून चिठ्ठी हाती पडली की नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. या तपासणीने कोणता संशय फिटणार आहे? उत्तर काहीही आले, तरी माझ्या उपचारात फरक पडेल काय? तिच्यात धोका कोणता? थोडे थांबलो तर काय बिघडेल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. ते स्वतः चिठ्ठी लिहिण्यापूर्वी हेच प्रश्न मनाशी विचारीत असतात.