शहरांचा ताळेबंद

व्यापारी घरांतील मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा नवी शाखा उघडण्यासाठी आता दूरदूरच्या शहरांत जातात. जाण्यापूर्वी त्या शहराची चौकशी होते, आणि अलीकडे त्या चौकशीत हवा, पाणी व कचरा हे विषयही असतात. उत्तरादाखल बहुधा एखादी क्रमवारी हाती येते. अमुक शहर जगात सर्वांत हरित, तमुक शहर देशात सर्वांत स्वच्छ. परंतु ताळेबंद वाचण्याची सवय असलेला मनुष्य नफ्याचा आकडा पाहून थांबत नाही. तो खालच्या टिपा वाचतो आणि कोणता खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकला आहे, हे शोधतो. शहरांच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन अशा क्रमवारीत नेहमी वर असते, आणि ते अकारण नाही. तेथील जवळपास ९८ टक्के इमारतींना घरोघरी शेगड्या न पेटवता सामाईक केंद्रांतून नळावाटे उष्णता पुरविली जाते. सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आहेत, आणि मंत्र्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्व त्यांचा वापर करतात. एकेकाळी सांडपाण्याने दूषित झालेल्या बंदरात २००२ पासून लोक पोहू लागले. या पुण्याईवर २०१२ साली नगरपालिकेने जाहीर केले, की २०२५ पर्यंत कोपनहेगन ही जगातील पहिली कार्बन-तटस्थ राजधानी होईल; म्हणजे शहर जेवढा कार्बन वायू हवेत सोडेल, तेवढ्याची पूर्ण भरपाई करील.

ऑगस्ट २०२२ मध्ये शहराने ही मुदत पाळता येणार नाही, असे मान्य केले. कचरा जाळून वीज व उष्णता निर्माण करणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध केंद्रात (याच्या छपरावर बर्फाविना घसरण्याची टेकडी आहे) धुरातील कार्बन पकडणारी यंत्रणा बसवायची होती. तिच्यासाठी सरकारी साहाय्य मिळण्याच्या अटी केंद्राला पूर्ण करता आल्या नाहीत. अपयश उघडपणे कबूल करणे हे शहराच्या पदरी जमेचेच धरावे लागेल. खरा प्रश्न हिशेबाच्या पद्धतीचा आहे. उष्णताकेंद्रांत कोळशाऐवजी लाकूड जाळले, तर त्याचा कार्बन शहराच्या हिशेबात शून्य धरला जातो, कारण झाड पुन्हा वाढेल असे गृहीत असते. डेन्मार्क यासाठी लागणाऱ्या लाकडी गोळ्यांपैकी बहुतांश आयात करतो. त्यांतील मोठा वाटा बाल्टिक देशांच्या जंगलांतून येतो. जगातील एका अग्रगण्य जहाजकंपनीचे मुख्यालय कोपनहेगनमध्ये आहे, परंतु तिची जहाजे महासागरांवर सोडीत असलेला धूर नगरपालिकेच्या पुस्तकात येत नाही. हा नियमभंग नव्हे. नियमच तसे आहेत.

२०१८ साली ‘सी ४०’ या महानगरांच्या संघटनेने ७९ शहरांचा हिशेब निराळ्या रीतीने मांडून पाहिला. शहराच्या हद्दीत किती धूर निघतो, याऐवजी शहरवासी जे खातात, नेसतात, विकत घेतात, ते बनविताना जगात कोठेही किती धूर निघाला, याची बेरीज केली. ती बेरीज पहिल्या रीतीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक भरली. श्रीमंत शहरांचे आकडे फुगले, आणि माल बनवून पाठविणाऱ्या अनेक शहरांचे उतरले.

माल बनवून पाठविणारे शहर म्हणजे काय, हे या वाचकांना सुरतेपेक्षा जवळचे उदाहरण देऊन सांगता येणार नाही. पांडेसरा आणि सचिन येथील प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगते, बॉयलरमध्ये कोळसा जळतो आणि साडी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर विकली जाते. धूर मात्र सुरतेच्या नावे राहतो. १९९४ च्या प्लेगमुळे जगभर बदनाम झालेले हे शहर स्वस्थ बसलेले नाही. २०१४ पासून महापालिका सांडपाणी उच्च प्रतीचे शुद्ध करून पांडेसऱ्यातील कारखान्यांना विकते. तेवढे तापीचे गोडे पाणी वाचते, आणि महापालिकेला उत्पन्नही होते.

त्याहून उद्बोधक प्रयोग २०१९ साली झाला. धुरातील कणांसाठी जगातील पहिला बाजार सुरतेत भरला. सुमारे ३०० कारखाने निवडून त्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसविली गेली. त्यांपैकी निम्मे बाजारात आणि निम्मे तुलनेसाठी जुन्याच नियमांखाली ठेवले. बाजारातील सर्वांनी मिळून किती धूलिकण सोडावेत, याची कमाल मर्यादा ठरली व तेवढेच परवाने दिले गेले. ज्याचा धूर कमी, तो उरलेले परवाने विकणार. ज्याचा जास्त, तो विकत घेणार. प्रयोगाअंती बाजारातील कारखान्यांचे उत्सर्जन इतरांपेक्षा २० ते ३० टक्के कमी आढळले. दंडाच्या भीतीने जे साधले नव्हते, ते भावाने साधले. व्यापारी समाजाने या प्रयोगाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

इंदूरची कीर्ती वेगळी. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते सातत्याने अव्वल राहिले आहे. २०२३ च्या निकालात सुरतेनेही तो मान वाटून घेतला. घराघरांत वेगळा केलेला ओला कचरा दररोज ५५० टन क्षमतेच्या संयंत्रात जातो, आणि त्यापासून मिळणाऱ्या गॅसवर शहरबसगाड्या धावतात. परंतु हे सर्वेक्षण मुख्यतः कचरा आणि सांडपाणी मोजते. इंदूरचे पिण्याचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील नर्मदेतून पंपांनी चढवून आणावे लागते. त्या विजेचा बोजा हलका करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले. रक्कम जलूद येथील सौरप्रकल्पासाठी होती. उणीव झाकण्याऐवजी तिच्यासाठी उघडपणे कर्ज उभारणे, हे पदकांपेक्षा मोलाचे काम म्हणावे लागेल.

मुंबईचे खाते गुंतागुंतीचे आहे. लहान घरे आणि लोकल गाड्या यांमुळे दरडोई धूर कमी. देवनारचा कचऱ्याचा डोंगर १९२७ पासून वाढतो आहे, ही नावेची बाजू. पाण्याच्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून येते. हे धरण ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात. तानसाही त्याच तालुक्यात. याच शहापूरच्या गावांत आणि पाड्यांवर दर उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर फिरतात. त्या टँकरांची तरतूद जिल्ह्याच्या टंचाई आराखड्यात होते. मुंबईच्या पाणीखात्यात तिची नोंद नसते.