तुमचा पत्ता १०३ने सुरू होतो का?

एक काम करा. मोबाइल डेटा बंद करा, हॉस्टेलच्या नाहीतर घरच्या वाय-फायला जोडा आणि गुगलला विचारा, माझा आयपी अ‍ॅड्रेस काय? टिंबांनी जोडलेले चार आकडे दिसतील. (अक्षरं मिसळलेला लांबलचक पत्ता दिसला, तर तो तूर्तास बाजूला ठेवा. त्याच्याकडे नंतर येऊ.) मनीषनगर असो की महाल, कनेक्शन एखाद्या लहान, स्थानिक ब्रॉडबँडवाल्याचं असेल, तर पहिला आकडा १०३ असण्याची बरीच शक्यता आहे. असलाच, तर समजा की तुमचं नेट शेवटच्या उरलेल्या साठ्यावर चाललंय.

इंटरनेटची जुनी पत्ता-पद्धत, आयपीव्ही४, ही ३२ बिटांची. हिशेब केला तर जगासाठी जेमतेम ४२९ कोटी पत्ते होतात. १९८१मध्ये ही पद्धत ठरली, तेव्हा एवढे पत्ते संपतील असं वाटण्याचं कारणच नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे जगातल्या पाच विभागीय संस्थांना एकेक वाटून टाकले आणि कोठार रिकामं झालं. आशिया-पॅसिफिकचं काम पाहणाऱ्या 'एपनिक' या संस्थेच्या वाट्याला आला १०३चा गठ्ठा. त्यात १,६७,७७,२१६ पत्ते. भारत, चीन, इंडोनेशिया, बांगलादेश, सगळ्यांना मिळून एवढेच. अमेरिकेतल्या एमआयटी या एकट्या विद्यापीठाकडे सुरुवातीच्या काळापासून अगदी एवढाच गठ्ठा होता. २०१७मध्ये त्यातला काही भाग त्यांनी अ‍ॅमेझॉनला विकला. आधी आला तो वाडा बांधून बसला, मागून आलेल्यांना खोली मिळाली. आपल्याकडच्या जमिनीची गोष्ट आठवली ना?

मग रेशनिंग आलं. एप्रिल २०११पासून एपनिकने नियम लावला की १०३मधून एका सदस्याला जास्तीत जास्त १०२४ पत्ते. २८ फेब्रुवारी २०१९पासून ते ५१२ झाले. लहानात लहान गठ्ठा २५६चा.

आता तुम्ही म्हणाल, २५६च का? ज्याला ३० हवेत त्याला ३० द्या ना! इथे 'तुकडेबंदी' आठवा. १९४७चा तो कायदा सांगतो की शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायचे नाहीत, कारण फार लहान तुकडा कसायला परवडत नाही. इंटरनेटवर अडचण थोडी वेगळी आहे. जगभरच्या मोठ्या राउटरांना प्रत्येक गठ्ठ्याकडे जाणारा रस्ता लक्षात ठेवावा लागतो. तुकडे वाढले की यादी वाढते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ही यादी ५,१२,००० नोंदींच्या पुढे गेली, तेव्हा काही जुन्या राउटरांची मेमरी अपुरी पडली आणि ठिकठिकाणी नेट अडखळलं. म्हणून २५६हून लहान तुकड्याची नोंद बहुतेक नेटवर्क घेतच नाहीत. असा तुकडा मिळाला तरी बाहेरच्या जगाला तो सापडणार नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? बराच आहे. आपल्याकडे इंटरनेट सेवेचे परवाने तीन वर्गांचे: देशभराचा अ, राज्य पातळीचा ब आणि साधारण जिल्ह्याएवढ्या भागाचा क. समजा, कुणी आज क वर्गाचा परवाना घेऊन नागपुरात धंदा सुरू केला. पत्ते ५१२, ग्राहक पाच हजार. मग दहा घरांमागे एक पत्ता. हॉस्टेलला बाहेरून आलेलं पत्र जसं एकाच पत्त्यावर येतं आणि वॉर्डन ते खोलीत पोचवतो, तसं हे चालतं. गेम खेळताना मित्राशी थेट कनेक्ट होता येत नाही. घरी बनवलेला छोटा सर्व्हर बाहेरून उघडत नाही. दहातल्या एकाने कुठे स्पॅम केलं, तर 'तुम्ही रोबो नाही ना?' हे उरलेल्या नऊ जणांनाही सिद्ध करावं लागतं.

१०२४चे ५१२ कुणी केले, हे तर बघण्यासारखं आहे. कुठल्याही सरकारचा तो आदेश नव्हता. हा प्रस्ताव सप्टेंबर २०१८मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथे एपनिकच्या खुल्या बैठकीत चर्चेला आला. या पद्धतीत प्रस्ताव कुणीही मांडू शकतं, त्यासाठी सदस्य असावं लागत नाही. तो बैठकीआधी सगळ्यांना वाचायला मिळतो, मग त्यावर वाद होतो. मतमोजणी करून निकाल लावत नाहीत. 'सहमती झाली का?' एवढंच अध्यक्ष बघतात. म्हणजे शंभर जणांनी माना डोलावल्या आणि एकाने बिनतोड आक्षेप घेतला, तर त्या एकाला उत्तर द्यावंच लागतं.

दोन्ही बाजूंना दम होता. गठ्ठा अर्धा केला की साठा जास्त वर्षं पुरतो आणि उद्याच्या नवख्यालाही काहीतरी मिळतं. उलट, आधी आलेले १०२४ घेऊन बसलेत, मग आजच्या नवख्याने निम्म्यावर का भागवायचं? गंमत अशी, की ज्याच्यासाठी हा वाद, तो उद्याचा नवखा असल्या हॉलमध्ये कधीच नसतो. त्याने अजून कंपनी काढलेली नसते. तो कुठेतरी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. कदाचित तो तुम्हीच.

म्हणून हे दार माहीत असायला हवं. एपनिकच्या बैठकांत ऑनलाइन भाग घेता येतो. २०१२पासून भारतातलं पत्तेवाटप 'निक्सी' या संस्थेची 'आयआरआयएनएन' ही शाखा बघते. नेटवर्किंगच्या पुस्तकात सबनेट मास्क पाठ करून पेपर सुटतो, पण त्या मास्कमागे कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे अशा प्रस्तावांवरच्या वादातच कळतं. एखादा प्रस्ताव वाचा. पटला नाही तर का नाही, ते चार ओळींत लिहा. तुमचं वय तिथे कुणी विचारत नाही. मुद्दा मात्र पक्का लागतो.

आता तो बाजूला ठेवलेला लांबलचक पत्ता. ती नवी पद्धत, आयपीव्ही६, १२८ बिटांची. तिथे इंटरनेट कंपनीला मिळणाऱ्या लहानात लहान गठ्ठ्यातूनही ६५,५३६ ग्राहकांना प्रत्येकी एक अख्खं स्वतंत्र नेटवर्क देता येतं. ५१२ की १०२४ ही ओढाताण तिथे उरतच नाही. फोनवर जिओ असेल तर बहुधा तुम्ही ती रोज वापरताय. घरच्या वाय-फायवर तो पत्ता दिसला नसेल, तर ब्रॉडबँडवाल्या दादांना फोन लावा आणि विचारा, "दादा, आपल्याकडे आयपीव्ही६ कधी सुरू करताय?" दहा जणांनी विचारलं, की अकराव्याला उत्तर तयार ठेवावंच लागेल.