जुन्या सॉफ्टवेअरला किल्ली द्या, पण एकाच खोलीची

घरात संगणक एक आणि वापरणारे चार, हे चित्र आता खेड्यांतही नवे राहिलेले नाही. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आटगावसारख्या गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. दिवसा मुले संगणकावर अभ्यास करतात, संध्याकाळी आई बचत गटाचा हिशेब लिहिते आणि लग्नसराईत वडील त्याच संगणकावर पत्रिका जुळवतात. पत्रिकेचे सॉफ्टवेअर मात्र जुने असते. ते नव्या विंडोजवर चालेनासे झाले, की एक हमखास सल्ला मिळतो : ‘सगळ्यांनाच ॲडमिन करून टाका.’ सॉफ्टवेअर सुरू होते खरे. पण घरातल्या प्रत्येकाच्या हाती आणि त्याने चुकून उघडलेल्या प्रत्येक फायलीच्याही हाती संपूर्ण संगणकाच्या किल्ल्या जातात. हा इलाज रोगापेक्षा भयंकर आहे आणि बहुतेक वेळा तो अनावश्यकही असतो.

जुने सॉफ्टवेअर टाकून का देत नाहीत, असे कोणी विचारेल. मराठीपुरते त्याचे उत्तर लिपीत दडले आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ मध्येच आली. पण विंडोजमध्ये तिची सोय झाली ती २००० साली. तोवर मराठी अक्षरजुळणी चालली ती पुण्याच्या सी-डॅकच्या किंवा मॉड्युलर कंपनीच्या ‘श्रीलिपी’सारख्या सॉफ्टवेअरवर. त्यांचे अक्षरसंकेत आपापले होते. त्यामुळे त्या काळातली फाईल दुसरीकडे उघडली, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. वर्षानुवर्षे जमवलेले पत्रिकांचे नमुने हाताशी राहावेत, म्हणून ते सॉफ्टवेअरही जपावे लागते.

आता ते चालत का नाही, ते पाहू. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये वापरकर्त्यांच्या मध्ये भिंतीच नव्हत्या. कोणताही प्रोग्रॅम कुठेही लिहू शकत असे. त्यामुळे आपल्या सेटिंग्जची फाईल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवायची, अशी सवय सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लागली. २००१ च्या विंडोज एक्सपीने घरगुती संगणकावर मर्यादित खाते आणले. पण सुरुवातीला तयार होणारी खाती ॲडमिनचीच असत. साहजिकच ही सवय खटकली नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आले आणि नियम कडक झाले. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमधले सॉफ्टवेअर साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खात्याला चालवता येते. पण तिथे काही लिहिता येत नाही. जुना प्रोग्रॅम तिथे लिहायला जातो, नकार मिळतो आणि तो गपकन बंद पडतो किंवा भलताच संदेश दाखवतो.

यावर विंडोजने एक पळवाटही ठेवली आहे. ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमचे लेखन ती गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी जागेत वळवते. या जागेला ‘व्हर्च्युअल स्टोअर’ म्हणतात. प्रोग्रॅमला वाटते, आपण नेहमीच्या ठिकाणी लिहिले. यातून एक गंमतशीर घोटाळा होतो. वडिलांनी आपल्या खात्यातून भरलेली ग्राहकांची यादी मुलाच्या खात्यात दिसत नाही. तोच प्रोग्रॅम ॲडमिनच्या अधिकाराने उघडला, की तिसरीच यादी समोर येते. नोंदी पुसल्या गेल्या, असे समजून कोणी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकते. प्रत्यक्षात त्या प्रत्येकाच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये सुखरूप असू शकतात. म्हणून काहीही काढून टाकण्याआधी तिथे पाहावे.

मुळात एवढा आटापिटा कशासाठी? अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे संगणकशास्त्रज्ञ जेरोम साल्ट्झर यांनी १९७४ मध्ये एक तत्त्व मांडले : प्रत्येक प्रोग्रॅमला आणि वापरकर्त्याला कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून जास्त नकोत. अपघात झाला तरी नुकसान तेवढ्याच कुंपणात राहते. मुलाने स्टँडर्ड खात्यातून फुकटचा गेम म्हणून एखादी घातक फाईल उघडली, तर तिला सहसा त्याच्याच फायलींपर्यंत पोहोचता येते. आईचे हिशेब आणि वडिलांच्या पत्रिका वेगळ्या खात्यांत असल्याने त्या तिच्या हाती सहजी लागत नाहीत. तेच खाते ॲडमिनचे असेल, तर समोर आलेल्या ‘येस’वर एक टिचकी पुरते.

अधिकार हाती लागले, की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील टर्मिनलचे कामही कोलमडले. ॲडमिनचे अधिकार मिळाले, की नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड चोरून शेजारच्या संगणकांवर उडी घेई आणि डिस्कचा आरंभीचा भागच बिघडवून टाकी.

मात्र स्टँडर्ड खाते ही सर्व रोगांवरची लस नव्हे. त्याच्या महिनाभर आधीच्या, १२ मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तो विंडोजमधल्याच एका त्रुटीतून शिरला. तिथे खात्याचा प्रकार नव्हे, तर वेळेवर केलेले अपडेट कामी आले असते. शिवाय ज्या खात्यात घातक फाईल उघडली, त्या खात्यातली कागदपत्रे तर धोक्यात असतातच. म्हणून महत्त्वाच्या फायलींची एक प्रत एरवी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर हवीच.

घरी करायचे काय? आधी ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन एक वेगळे ॲडमिन खाते उघडा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि ते उघडते याची खात्री करा. मगच रोजच्या वापराची खाती ‘स्टँडर्ड यूजर’ करा. त्यामुळे त्यांतल्या फायली हलत नाहीत. जुने सॉफ्टवेअर ॲडमिनच्या अधिकाराने बसवा. त्याला हार्डवेअर लॉक असेल, तर त्याचा ड्रायव्हरही तेव्हाच टाका. फॉन्ट बसवताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडा. एकाच खात्यापुरता बसवलेला फॉन्ट काही जुन्या प्रोग्रॅमना दिसत नाही.

एवढे करूनही स्टँडर्ड खात्यातून ते चालले नाही, तर अधिकार माणसाला नव्हे, त्या एकाच फोल्डरला द्यायचे. ॲडमिन खात्यातून सॉफ्टवेअरच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारा. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ आणि मग ‘एडिट’ निवडा. यादीतील ‘यूजर्स’समोर ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. संपूर्ण ‘प्रोग्रॅम फाइल्स’ला किंवा विंडोजच्या फोल्डरला ती कधीही देऊ नका. प्रोग्रॅम आपल्या नोंदी एखाद्या उपफोल्डरमध्ये ठेवत असेल, तर परवानगी तेवढ्यालाच पुरे. आणि ज्या फोल्डरमध्ये सर्वांना लिहिता येते, तिथला प्रोग्रॅम नंतर ॲडमिन म्हणून चालवू नका. कोणी त्यात फेरफार केला असेल, तर त्यालाही तेच अधिकार मिळतील.

काही सॉफ्टवेअर यालाही दाद देत नाही. डॉसच्या काळातील प्रोग्रॅमसाठी ‘डॉसबॉक्स’ हे मोफत साधन आहे. फक्त एक्सपीवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी जुना संगणक वेगळा ठेवावा आणि त्याला इंटरनेट जोडू नये, कारण एक्सपीचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आर्थिक फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. रोजचे खाते स्टँडर्ड करायला मात्र पैसा लागत नाही. एखाद्या सुटीच्या दिवशी तासाभरात हे काम उरकता येते.