चौथ्या क्रमांकाची नोंद

परभणीची धावपटू ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिली आली, असे सांगताना ‘भारतीय महिलांत’ हे शब्द जोडावेच लागतात. एकूण महिलांची यादी वेगळी असते आणि त्या यादीत परदेशी धावपटू पुढे असतात. समजा, त्या मोठ्या यादीतली पुढची एखादी परदेशी धावपटू बाद झाली, तर मागच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकतील. भारतीय यादीला मात्र धक्काही लागणार नाही. म्हणजे क्रमांक नुसत्या पायांवर ठरत नाही, मोजणीच्या नियमावरही ठरतो. २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाने १२१ पदके जिंकली, महाराष्ट्राने त्याहून कितीतरी जास्त. तरीही पहिला क्रमांक सेनादलाचा, कारण आधी सुवर्णपदके मोजतात आणि ती त्यांची ६८ होती, आपली ५४. सुवर्ण सारखी असली तरच रौप्य बघायची, तीही सारखी असली तर कांस्य. अशा मोजणीत एका पदकाचा रंग बदलला, तरी क्रमवारी हलू शकते.

म्हणूनच खेळाडू बाद होतो तेव्हा त्याचे नाव खोडणे हे निम्मेच काम असते, असे माझे म्हणणे आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधली एफ-४१ गटाची भालाफेक बघा. इराणच्या खेळाडूची फेक ४७.६४ मीटर, नवदीप सिंगची ४७.३२. इराणचा खेळाडू आक्षेपार्ह झेंडा दाखवल्यामुळे बाद झाला आणि चार देशांच्या ओळी बदलल्या. इराणचे एक सुवर्ण गेले, भारताचे रौप्य सोन्याचे झाले, चीनचे कांस्य रौप्याचे झाले आणि चौथ्या क्रमांकावरच्या इराकला कांस्य मिळाले. भारताची एकूण पदके २९ होती, ती २९ च राहिली. सुवर्णपदके मात्र ६ ची ७ झाली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा निकाल तर खूप उशिरा फिरला. बहारीनची केमी अडेकोया उत्तेजक द्रव्यामुळे बाद ठरली, तेव्हा ती धावलेला अख्खा मिश्र रिले संघ बाद झाला आणि भारताला सुवर्ण मिळाले. तिने जिंकलेल्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आलेली अनू राघवन कांस्यपदकाची मानकरी झाली. चौथीची नोंद अधिकृत निकालात होती म्हणूनच हे शक्य झाले.

शर्यत मैदानावर संपली, मग कागदावर ती पुन्हा कशाला उघडायची, असा आक्षेप घेतला जातो. पण महाराष्ट्रात शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण कागदावरच्या क्रमांकावर मिळते. कागद खोटा राहिला, तर हक्काच्या माणसाची जागा जाते. निकाल घाईने बदलतात, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत स्टीपलचेस जिंकलेल्या बहारीनच्या रुथ जेबेटला मार्गिकेच्या आत पाऊल पडल्याच्या कारणावरून बाद केले. साताऱ्याची ललिता बाबर कांस्यावरून रौप्यावर गेली, चौथी सुधा सिंग कांस्यावर आली. बहारीनच्या अपिलानंतर दोघी पुन्हा जुन्या जागी आल्या. आशा दाखवून काढून घेणे क्रूरच. पण त्यावर उपाय अपील संपेपर्यंत निकालाला ‘तात्पुरता’ म्हणणे हा आहे, दुरुस्तीच नको म्हणणे हा नव्हे. आणि एकदा दोषी ठरलेल्याचे आधीचे सगळेच का पुसत नाहीत? कारण पुरावा जिथून सुरू होतो तिथूनच पुसता येते. हीच जेबेट पुढे उत्तेजक प्रकरणात दोषी ठरली, पण तिचे निकाल रद्द झाले ते डिसेंबर २०१७ पासूनचे. तिचे २०१६ चे रिओतले सुवर्ण कायम आहे आणि त्या शर्यतीत दहावी आलेली ललिताही दहावीच आहे. मनाला हे टोचते, पण हीच मोजणी न्याय्य आहे.

जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या शालेय मैदानावरही वयचोरी उघड झाली की हाच प्रश्न समोर येतो: आता वर कोणाला घ्यायचे? तालुका आणि जिल्हा स्पर्धांच्या पंचांना म्हणूनच विनंती आहे, निकालपत्रक पहिल्या तिघांवर थांबवू नका. चौथ्याचे आणि पाचव्याचे नाव वेळेसह लिहा, आणि खाली तारीख घाला.