खडखड नेमकी कुठली?

पावसाळा सुरू झाला की भोसरी-मोशीच्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या येतात: ‘पुढून खडखड येतेय.’ नाशिक महामार्ग काय किंवा तळेगाव-चाकण रस्ता काय, कंटेनरच्या चाकांखाली डांबर दबून लाटा आलेल्या, आणि खड्डा पाण्याखाली असल्यामुळे किती खोल ते आपटल्यावरच कळतं. गंमत म्हणजे चाकणला गॅब्रिएलचा शॉकॲब्सॉर्बरचा कारखाना आहे आणि २००९पासून फोक्सवॅगनच्या गाड्याही इथेच तयार होतात. जिथे घडतात तिथेच झिजतात, असं म्हणायला हरकत नाही.

भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो. तिथला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो. ‘साहेब, आवाज बारीक खड्ड्यात येतो का स्पीडब्रेकरवर? उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर येतो?’ बारीक खड्ड्यांत टकटक होत असेल तर त्याचा पहिला संशय लिंक रॉडवर. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘कट्’ करून सुटत असेल, तर वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलेलं. त्यानंतर गाडी जॅकवर चढते.

चाक हवेत आलं की तो वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवतो. खेळ जाणवला की पोऱ्याला सांगतो, ‘ब्रेक दाब.’ ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंटकडे बघायचं. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवायचं, म्हणजे टाय रॉडचा हिशेब कळतो. लोअर आर्मच्या बुशात तो छोटी पहार घालून रेटतो. रबर थोडं हलणारच, ते त्याचं कामच आहे. पण चीर उघडून आतली लोखंडी नळी सैल झालेली दिसली, की बुश बदलायचं.

सगळ्यात जास्त आवाज करणारा लिंक रॉड सहसा सगळ्यात स्वस्त असतो, आणि तो खराब झाला म्हणून गाडी लगेच रस्ता सोडत नाही. शॉकॲब्सॉर्बर मात्र अनेकदा गुपचूप संपतो. आतलं तेल हळूहळू गळतं, गाडी दिवसेंदिवस जरा जास्त डोलते, आणि चालवणाऱ्याला त्या डोलण्याची सवय होते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा आहे. गाडी वर येऊन दोन-तीनदा हेलकावली तर शॉकॲब्सॉर्बर नक्की गेला. पण ती हेलकावली नाही म्हणून तो चांगला आहे, असं मात्र नाही. टायरवर तळहात फिरवून बघणं बरं. रबर ठिकठिकाणी खोलगट झिजलेलं लागलं, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर नुसती ओलसर धूळ असेल तर मिस्त्री पुसून सोडून देतो. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर सोडत नाही. एकच शॉकॲब्सॉर्बर गळत असला तरी तो जोडी बदलायला सांगतो, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला की गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. किलोमीटर बघून सगळा संच बदलायचा सल्ला मला पटत नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावरचे हजार किलोमीटर आणि द्रुतगती मार्गावरचे हजार, यांचा भाव एक कसा धरायचा?

जोडणीतली एक गोष्ट तिथेच पहिल्यांदा नीट बघितली. लोअर आर्मचे बोल्ट त्याने गाडी हवेत असताना नुसते हाताने बसवले. चाकं जमिनीवर टेकली, गाडी स्वतःच्या वजनावर बसली, मगच त्याने ते करकचून आवळले. चाक लोंबकळत असतानाच आवळले, तर बुशाचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं. घाईच्या गॅरेजमध्ये हे हमखास चुकतं. गाडी घेऊन जाताना ते कळत नाही, कारण खडखड तर थांबलेली असते.

शेवटी अलाइनमेंट. एका गिऱ्हाइकाने त्याचे पैसे वाचवायचे म्हटलं, तर मिस्त्रीने त्याला बिलावर लिहून सही करायला लावली: ‘अलाइनमेंट केलेलं नाही.’ जुने पार्टही त्याने पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात दिले. त्यातल्या बॉल जॉइंटचा दांडा पिशवी हलली की आपोआप इकडेतिकडे पडत होता. गिऱ्हाइकाने तो एकदा हलवून पाहिला आणि अलाइनमेंटला किती वेळ लागेल, असं विचारलं.